अर्धा ब्रेकर

कामोठ्यात शेअर रिक्षात बसून नुसतं "ब्रेकर" म्हटलं तरी रिक्षावाला बरोबर जागी उतरवायचा. आता ब्रेकर काय तिथे एकच होता? गल्लोगल्ली होते, सोसायट्यांनी आपल्या मर्जीने टाकलेले, कंबरेचा खुळखुळा करणारे. पण नुसतं "ब्रेकर" म्हटलं की हाच. एका बाजूला क्लासेसच्या दोन इमारती, दुसऱ्या बाजूला वडापाव, झेरॉक्स आणि मोबाइलची दुकानं, आणि मधून हायवेकडे सुसाट सुटणारा रस्ता. मुलं क्लासमधून सुटली की आधी वडापावकडे धावतात, रस्ता नंतर बघतात. तो ब्रेकर देवेशने टाकला होता, आणि देवेशनेच काढला.

देवेश पालिकेच्या रस्ते विभागात कनिष्ठ अभियंता. मूळचा करंज्याचा. बाप जन्मभर बोटीवर गेलेला. पोराला नोकरी लागली तेव्हा त्याने बंदरावर भर लिलावात, मासळीच्या टोपल्यांमधून वाट काढत सगळ्यांना ऐकवलं होतं, "माजा पोऱ्या सरकारी रस्तं बनवतो!" ते वाक्य देवेशच्या मानगुटीवर बसलं ते बसलंच. पालिकेत रस्ते विभाग म्हणजे मानाचा विभाग. ठेकेदार उठून उभे राहतात, नगरसेवक नावाने हाक मारतात. तिथून उचलून घनकचरा विभागात टाकलं तर करंज्याला कोणत्या तोंडाने जायचं, ही भीती त्याला पहिल्या दिवसापासून होती. माणसाला कशाची भीती वाटावी याला काही नियम नाही. कोणाला पालीची वाटते, याला बदलीची वाटायची.

त्या ब्रेकरच्या आधी तिथे अनुष्का गेली होती. दहावीतली मुलगी, गणिताचा क्लास सुटला, मैत्रिणीला हाक मारत रस्ता ओलांडायला लागली आणि एका पिकअपने उडवली. तिची आई शोभा त्यानंतर दर आठवड्याला पनवेलला ऑफिसात यायला लागली. ओरडायची नाही, रडायची नाही. पंख्याखालच्या बाकावर बसायची, देवेश दिसला की विचारायची, "झालं का काही?" तो म्हणायचा, "नाही हो काकू, अजून वर आहे." ती म्हणायची, "बरं, मग पुढच्या आठवड्यात येते." एखादी बाई शिव्या देऊन जाते तेव्हा बरं वाटतं, आपणही मनात दोन शिव्या देतो आणि कामाला लागतो. ही बाई तशी सोयही देत नव्हती.

आणि संध्याकाळी क्लास सुटायच्या वेळेला ती गळ्यात शिट्टी अडकवून रस्त्यावर उभी राहायची. हात आडवा करायची, गाड्या थांबवायची, मुलांना पार करायची. मुलं तिला शिट्टीवाल्या काकू म्हणायची. काही गाडीवाले थांबायचे, काही काच खाली करून "ओ काकू, ट्रॅफिक पोलिसात भरती झालात का?" असं विचारून जायचे.

शेवटी देवेशने प्रस्ताव हातात धरून टेबलामागून टेबल फिरवला आणि ब्रेकर मंजूर करून आणला. डांबर ओतलं, रोलर फिरला, पांढरे पट्टे मारले. त्या दिवशी शोभा नारळ, हळद आणि कुंकू घेऊन आली. तिचा नवरा अवधूत, बँकेतून निवृत्त झालेला अबोल माणूस, पिशवी धरून मागे उभा होता. ब्रेकरला हळदीकुंकू वाहिलेलं देवेशने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. शोभाने नारळ त्याच्या हातात दिला. "तू फोड," ती म्हणाली. तोवर ती त्याला साहेब म्हणत होती. त्याने नारळ फोडला, तिने खोबऱ्याचा तुकडा त्याच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "आता शिट्टी कपाटात ठेवते मी." देवेशला त्या दिवशी आपण खरोखर रस्ते बनवतो असं वाटलं.

मग निवडणूक लागली.

या प्रभागात पाणी कमी येतं, कचरा वेळेवर उचलत नाहीत, पण माणूस दिवसाकाठी सगळ्यात जास्त वेळ अडकतो तो रस्त्यावर. त्यामुळे या वेळी सगळ्या उमेदवारांनी वाहतुकीचाच झेंडा हाती घेतला. कुमारशेठ म्हणजे जमिनी, गाड्या आणि पोटभर हसणं. त्यांच्या फलकांवर उड्डाणपूल होता, त्याखाली चकचकीत काँक्रीटचा रस्ता आणि त्यावर एकही माणूस नव्हता. सत्यजीत हा आयटीतला, सोसायट्यांच्या नागरिक आघाडीचा. त्याला बस हव्या होत्या, सलग फूटपाथ हवे होते, सायकलचा मार्ग हवा होता आणि तो हे सगळं स्क्रीनवर रंगीत आलेख दाखवून सांगायचा. खोटा नव्हता तो. शोभा त्याच्या सभांना जायची, खुर्च्या मांडायला हातभार लावायची. आणि तिसऱ्या जुन्या गावठाणातल्या चंद्रावतीताई, रिक्षा संघटनेच्या जिवावर उभ्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "बस येईल तवा येईल. आज तुमाला स्टेशनला कोन नेतो? रिक्षावालाच नेतो ना? मग त्याला उबं राहायला जागा द्या." तिघांचं एकमेकांशी कशावरही जमत नव्हतं, फक्त "जनतेची सुरक्षा" हे शब्द तिघांच्याही पत्रकावर होते.

कुमारशेठच्या प्रचाराला त्यांच्या पक्षाचे मोठे साहेब यायचे ठरले. रविवारी सभा. ताफा हायवेवरून आत शिरणार तो याच रस्त्याने.

शुक्रवारी दुपारी उपअभियंता शैलेश सरांनी देवेशला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घे म्हणाले.

"क्लासेससमोरचा ब्रेकर उद्या काढून टाक."

"काढून? का सर?"

"साहेबांच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय. गाडीला दणका बसलेला चालत नाही. त्यांच्या माणसांनी रस्ता बघितला, बाकी सगळं ठीक म्हणाले, हा एक खटकला."

"सर, पण आचारसंहिता आहे. आणि तिथे आधी..."

"माहितीये रे. म्हणून तर दुरुस्ती म्हणून घालायचं. पृष्ठभाग खराब होता, खरवडला. सोमवारी पुन्हा टाक, कोणाच्या बापाला कळणार नाही. वरून आलंय, देवेश. मला काय हौस आहे?"

"सर, लेखी मिळेल का?" हे चार शब्द देवेशच्या जिभेवर आले होते. अगदी टोकावर आले होते. शैलेश सर मोबाइलकडे बघत सहज म्हणाले, "घनकचऱ्यात सध्या माणसं कमी आहेत, मागताहेत आपल्याकडे." बस्स, तेवढंच. धमकी म्हणावी तर धमकीही नव्हती, त्यांनी कदाचित खरंच माहिती म्हणून सांगितलं असेल. देवेशने शब्द गिळले आणि म्हणाला, "करतो सर."

निदान आपण तोंडावर जाऊन सांगावं, एवढी लाज त्याच्यात शिल्लक होती. संध्याकाळी तो शोभाच्या घरी गेला. अनुष्काचा फोटो टीव्हीच्या वर होता. शोभाने पोहे केले. त्याने पोहे संपेपर्यंत सांगितलं नाही, आणि मग सगळं एका दमात सांगून टाकलं.

शोभाने हातातली बशी खाली ठेवली. "मणका दुखतो म्हणून?" ती म्हणाली.

"दोन दिवसांचा प्रश्न आहे काकू. शनिवारी काढतो, रविवारी क्लास बंदच असतात. सोमवारी मुलं यायच्या आत परत टाकतो."

"नक्की?"

"माझा शब्द."

"तू म्हणतोस तर ठीक आहे," शोभा म्हणाली. तिने हे रागाने म्हटलं नाही. तिचा त्याच्यावर विश्वास होता, हीच तर सगळी पंचाईत होती. अवधूत काकांनी पेपरावरून मान वर करून देवेशकडे पाहिलं. काही बोलणार असं वाटलं, पण बोलले नाहीत. चष्मा सारखा केला आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं.

शनिवारी जेसीबी आला आणि दहा मिनिटांत काम उरकलं. टाकायला इतके महिने लागले होते, काढायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही. रविवारी रस्ता धुऊन ठेवला होता, कमानी उभ्या होत्या, ढोल-ताशे होते. साहेब आलेच नाहीत. आधीच्या गावची सभा लांबली. मग इथल्या स्टेजवर कोणीतरी मोबाइल माइकला लावला, साहेबांनी फोनवरून "माझ्या बंधू आणि भगिनींनो" केलं, आवाज मधे मधे तुटत होता आणि लोक टाळ्या वाजवत होते. देवेश मैदानाच्या कडेला उभा होता. हसावं की रडावं हे त्याला कळेना.

सोमवारी सकाळी तो डांबराच्या गाडीसाठी शैलेश सरांकडे गेला.

"आता कसं टाकणार?" सर म्हणाले. "आचारसंहितेत नवीन काम सुरू करता येत नाही."

"नवीन कुठे सर? होताच तिथे."

"काढला तेव्हा दुरुस्ती होती. टाकणं म्हणजे नवीन काम. निकालानंतर बघू. तू टेन्शन घेऊ नको."

देवेश तिथे उभा राहिला. त्याला सरांची कॉलर धरावीशी वाटली. धरली नाही. त्याच संध्याकाळी शोभाने कपाटातून शिट्टी काढली आणि रस्त्यावर येऊन उभी राहिली. देवेशला पाहून म्हणाली, "सोमवार झाला ना रे?" "निकालानंतर म्हणतात काकू," तो म्हणाला.

बुधवारी त्याने जिवावर उदार होऊन एक गोष्ट केली. शेजारच्या सेक्टरात खड्डे बुजवायचं काम आधीपासून चालू होतं. तिथलं उरलेलं डांबर त्याने ठेकेदाराच्या हातापाया पडून इकडे वळवलं. वाहतूक बंद करायची परवानगी नव्हती, म्हणून आधी क्लासेसच्या बाजूचा अर्धा भाग करायचा, तो झाला की दुकानांकडचा अर्धा. भर दुपारी काम सुरू झालं. पहिला अर्धा झाला, रोलर फिरला. आणि तेवढ्यात कुमारशेठ पाच-सहा माणसं घेऊन हजर. कोणी सांगितलं देव जाणे. त्यांनी गरम डांबरापाशी उभं राहून फोटो काढले, आणि रोलर बाजूला होईपर्यंत ते प्रभागातल्या सगळ्या ग्रुपवर फिरायलासुद्धा लागले. खाली लिहिलं होतं, "शब्द दिला, शब्द पाळला."

तो फोटो सत्यजीतने पाहिला आणि ऑनलाइन तक्रार ठोकली. त्याचं चुकलं असं तरी कसं म्हणायचं? समोरचा उमेदवार आचारसंहितेत काम करून घेतोय, फोटोही टाकतोय, मग तक्रार नाही करायची तर काय आरती ओवाळायची? अर्ध्या तासात भरारी पथक आलं. काम बंद. पंचनामा झाला आणि साहेब लोक "जैसे थे" म्हणून निघून गेले.

जैसे थे म्हणजे अर्धा ब्रेकर. हायवेकडे जाणाऱ्या बाजूला उंचवटा आणि येणाऱ्या बाजूला सपाट रस्ता. आपल्याकडचा गाडीवाला अशा वेळी काय करतो हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. उंचवटा दिसला की तो वेग कमी करत नाही, स्टीअरिंग उजवीकडे मारतो आणि समोरून येणाऱ्यांच्या बाजूने निघून जातो. त्या संध्याकाळी देवेश तिथे उभा राहिला तेव्हा एकामागून एक रिक्षा, टेम्पो, मोटरसायकली दुकानांच्या बाजूने उलट्या घुसत होत्या. ब्रेकर नव्हता तेव्हा बरं होतं, निदान गाड्या आपल्या बाजूने तरी येत होत्या. आपल्या हाताने आपण काय करून ठेवलं हे त्याला तिथे दिसलं.

"मग हा अर्धा आहे तोही उखडून टाक," शोभा म्हणाली.

"आता तेही करता येत नाही काकू. पंचनामा झालाय."

ती पहिल्यांदा ओरडली. "मग करता काय येतं तुम्हा लोकांना?"

करता येण्यासारखी एक गोष्ट होती. निवडणूक कार्यालयातला एक कारकून भला निघाला. तो म्हणाला, तिन्ही उमेदवारांनी हरकत नाही म्हणून लिहून दिलं तर मी वर शब्द टाकतो, सुरक्षेचं काम म्हणून होऊन जाईल. गुरुवारी शोभा आणि देवेश तिघांच्या दारी गेले.

कुमारशेठनी त्यांना बसवलं, सरबत मागवलं. "ताई, तुमचं दुःख मला माहीत नाही का? निकालाच्या दिवशी दुपारी मी स्वतः उभा राहून ब्रेकर टाकतो. हवं तर अनुष्काच्या नावाचा बोर्ड लावतो. पण आता मी लिहून दिलं की ते दोघं बोंबलणार, बघा, आमच्यामुळे झाला. चार दिवसांवर मतदान आलंय ताई, चार दिवस काढा."

सत्यजीतने त्यांचं सगळं ऐकून घेतलं. त्याचे डोळे खरोखर भरून आले. "शोभाताई, मी तुमच्यासाठी काहीही केलं असतं. पण आज मी हो म्हटलं की उद्या ते दहा ठिकाणी काम काढतील आणि म्हणतील, तेव्हा चाललं, मग आता का नाही? आणि खरं सांगू का, असा ब्रेकर शास्त्रीयही नाही. माझ्या आराखड्यात तिथे उंच केलेलं क्रॉसिंग आहे, बसथांब्याला जोडून." त्याने लॅपटॉप उघडला आणि चित्र दाखवलं. चित्र छान होतं. मुलं हसत रस्ता ओलांडत होती.

"हे कधी होईल?" शोभाने विचारलं.

"सत्ता आली तर पहिल्या वर्षात."

चंद्रावतीताई ओट्यावर सुकट निवडत बसल्या होत्या. "मी देते लिवून, माजं काय जातंय? पोरीची आय हाय ती. पन त्यात रिक्षा स्टँडचा बी घाला. थितंच स्टँड पायजे आमाला. न्हाय तर पोरं मना इचारतील, ताई, आमचं काय केलंस?"

"ताई, स्टँड घातलं तर बाकीचे दोघं कधीच सही करणार नाहीत," देवेश म्हणाला.

"मग मी एकटीनंच का द्यावी?" ताई म्हणाल्या.

तिघांनाही ब्रेकर हवा होता. फक्त तो दुसऱ्याच्या पदरात पडायला नको होता.

परत येताना त्यांनी रिक्षा केली. जागा जवळ आली तशी शोभा रिक्षावाल्याला सवयीने "ब्रेकर" म्हणाली, आणि रिक्षावाल्याने अर्धा ब्रेकर चुकवत रिक्षा उजवीकडून घातली. देवेशला ओरडावंसं वाटलं. पण तो तरी कोणाकोणावर ओरडणार होता?

त्याच संध्याकाळी त्याने स्टोअरमधून दोन रिकामे ड्रम आणले, वाळू भरली आणि उलट घुसणाऱ्या गाड्यांना अडवायला रस्त्याच्या मधोमध ठेवले. शुक्रवारी दुपारपर्यंत ड्रम गायब. कोणाच्या तरी कार्यकर्त्यांनी त्यांना पक्षाचे झेंडे बांधले होते, म्हणून पथकाने झेंडे जप्त केले, आणि झेंडे ड्रमला बांधलेले होते म्हणून ड्रमही नेले. हे देवेशला शैलेश सरांनी हसत हसत फोनवर सांगितलं. "संध्याकाळी दुसरे ठेवतो," देवेश म्हणाला.

संध्याकाळी क्लास सुटले. शोभा दुकानांच्या बाजूला, रस्त्याच्या कडेला उभी होती. पलीकडे मुलांचा घोळका जमला होता आणि तिने हात आडवा करून त्यांना थांबवलं होतं. आपल्या बाजूने गाडी येते ती उजवीकडून, म्हणून ती उजवीकडे बघत होती. तिचं काही चुकलं नव्हतं. पाण्याचा टँकर हायवेच्या दिशेने आला, पुढे उंचवटा पाहून त्याने उजवीकडे घेतलं आणि डावीकडून, तिच्या पाठीमागून आला. घोळक्यातली मुलं ओरडली. टँकरच्या आवाजात तिला ते ऐकू गेलं नसावं.

देवेश तेव्हा स्टोअरमध्ये ड्रममध्ये वाळू भरून घेत होता. फोन आला, "ब्रेकरवर ॲक्सिडंट झालाय." त्याने कोण म्हणून विचारलं नाही. तो पोचला तेव्हा तिला हॉस्पिटलात नेलं होतं आणि रस्त्यावर एक चप्पल पडली होती. हॉस्पिटलच्या बाहेर अवधूत काका एकटेच बाकावर बसले होते. कोणीतरी त्यांच्या हातात शिट्टी आणून दिली होती. ते तिची दोरी बोटाला गुंडाळत होते, सोडत होते, पुन्हा गुंडाळत होते. शोभा आधीच गेली होती.

अंत्ययात्रेला तिन्ही उमेदवार आले. तिघांनी प्रचार थांबवल्याचं जाहीर केलं. तिघंही एकाच बाकावर बसले, चंद्रावतीताई पदर तोंडाला लावून रडल्या आणि ते रडणं खोटं नव्हतं. सत्यजीत मग उठला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याच दुपारी, कोणी मागितलं नसताना, तिघांनीही हरकत नाही म्हणून लिहून दिलं. परवानगी आली. काम "तातडीचे" म्हणून नोंदलं गेलं. तातडी कशाला म्हणतात हे देवेशला आता समजलं होतं. सूर्य मावळायच्या आत पूर्ण ब्रेकर तयार झाला, पांढरे पट्टेसुद्धा. देवेशने पट्टे स्वतः मारले. मजूर म्हणाले, साहेब, द्या इकडे. त्याने ब्रश दिला नाही.

मतदान झालं. निकाल लागला. कुमारशेठ निवडून आले. त्या दिवशी दुपारी शैलेश सरांचा फोन आला.

"अरे देवेश, विजयी मिरवणूक आहे. डीजेचा ट्रक एकदम खाली बसलाय, वर स्पीकर लादलेत. त्या ब्रेकरला लागतोय म्हणतात. दोन तासांसाठी जरा..."

"लेखी द्या सर," देवेश म्हणाला.

त्याचा आवाज चढला नव्हता. आता बदली, आता निलंबन, आता आपण घरी, असं सगळं त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं.

"बरं, राहू दे मग," शैलेश सर म्हणाले. "मागच्या रस्त्याने नेतील. काय एवढं." आणि त्यांनी फोन ठेवला.

मिरवणूक मागच्या रस्त्याने गेली. गुलाल उधळला, डीजे वाजला, कोणाचं काही अडलं नाही. देवेशची बदली झाली नाही. दुसऱ्या दिवशी शैलेश सर त्याला कँटीनमध्ये भेटले आणि नेहमीसारखे हसले. ते हसले नसते तर बरं झालं असतं, असं देवेशला वाटलं.

तेराव्यानंतर तो अवधूत काकांकडे गेला. घरात तीच पेपराची घडी. टीव्हीच्या वर आता दोन फोटो होते. शिट्टी दोन्ही फोटोंच्या मधे खिळ्याला टांगली होती. देवेश खुर्चीच्या कडेवर बसला. माफी मागायची असं ठरवून आला होता, पण ती कुठून सुरू करायची हे त्याला सुचत नव्हतं.

काकांनीच विचारलं. रागाने नाही, बँकेत एखादा आकडा जुळत नसला तर विचारतील तसं.

"त्या दिवशी तू पोहे खाल्लेस आणि सांगितलंस, काढावा लागणार म्हणून. मला तेव्हाच विचारायचं होतं, पण हिने हो म्हटलं म्हणून गप्प बसलो." त्यांनी पेपर बाजूला ठेवला. "तू नाही म्हणाला असतास तर काय झालं असतं रे?"

पंधरा दिवसांपूर्वी हा प्रश्न आला असता तर देवेशकडे उत्तर होतं. बदली, घनकचरा, बाप, करंजं, सगळं त्याने सांगितलं असतं आणि काकांनी कदाचित समजूनही घेतलं असतं. आता त्याच्याकडे खरं उत्तर होतं. खोटं बोलायचा त्याने एक क्षण विचार केला. मग शिट्टीकडे बघितलं.

"काही नाही काका," तो म्हणाला. "काहीच झालं नसतं."

अवधूत काकांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. मग गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि चहा ठेवायला आत गेले.